पिशवीभर बाटल्या

सिॲटलमध्ये नॅचरोपॅथीची (निसर्गोपचाराची) रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रत्यक्ष रुग्ण पाहत शिकणं, करतेय म्हटलं की मावशीचा ठरलेला प्रश्न : "म्हणजे मातीच्या पट्ट्याच ना?" मावशी, उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम वेगळा, हे वेगळं. वॉशिंग्टन राज्यात आम्हाला परवाना आहे, रक्ततपासण्या सांगतो, बरीच औषधंही लिहून देतो.

आज एक आजोबा आले. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते वॉरफरिन चालू, हातात कापडी पिशवी. टेबलावर एकेक बाटली मांडत गेले : फिश ऑइल, गिंको, हळदीच्या कॅप्सूल आणि तळाशी सेंट जॉन्स वर्ट. मन जरा बरं राहावं म्हणून शेजारणीने दिलेली! ही वनस्पती यकृताला वॉरफरिन भराभर निकालात काढायला लावते, म्हणजे औषध घेऊनही गुठळीची भीती. बरं, तडकाफडकी बंद करावी तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वर जायचा, म्हणजे रक्तस्रावाची भीती. म्हणून आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन, मग पुढचं. शेजारी बसलेल्या सिनियर डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "झोपेचं विचारलंस?" विचारलं. बायको गेल्यापासून झोप नाही म्हणाले.

असलं काही पुस्तकातून येत नाही. तरी चार वर्षांच्या पदवीनंतर रेसिडेन्सी यूटा राज्यासारखा अपवाद वगळता सक्तीची नाही, आणि बहुतेक ठिकाणी वर्षभरातच आटोपते. आपल्याकडे बीएनवायएस या निसर्गोपचार-योगाच्या पदवीनंतरची एमडी तीन वर्षांची. मला इथलं वर्ष तोकडंच वाटतं. पण मुदत नि जागा वाढवायच्या तर पैसा कुठून आणणार? मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचा निधी एमडी-डीओंच्या (इथल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या) रेसिडेन्सीला मिळतो, आमच्या वाट्याला नाही.