तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगला एवढी पुस्तकं कशाला?

ॲडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. मुलीचे वडील फी भरतात, पुस्तकांची यादी खालपर्यंत वाचतात आणि विचारतात, "मॅडम, एवढी पुस्तकं कशाला? शेवटी काम तर हाताचंच ना?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. घरातलं कुणी ॲडमिट असताना त्यांनी सिस्टरना सलाईन लावताना, ड्रेसिंग करताना पाहिलेलं असतं, आणि त्यात दिसतात ते हातच. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. याचं उत्तर द्यायला मी थोडी मागे जाते, अमेरिकेत नर्सिंगच्या शिक्षणाला शिस्त लावणाऱ्या इझाबेल हॅम्प्टनपर्यंत.

नाईटिंगेलबाई सगळ्यांना ठाऊक आहेत. इझाबेल मात्र आमच्या विद्यार्थिनींनाही इतिहासाच्या धड्यात एखाद्या ओळीपुरती भेटते आणि पेपर झाला की विसरली जाते. मला ते लागतं, कारण आज आमच्या मुली ज्या पद्धतीने शिकतात तिचा बराचसा पाया तिने घातलेला आहे.

ती मूळची कॅनडाची, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वेलंडची. आधी शाळेत शिक्षिका होती. मग न्यूयॉर्कला बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेली आणि १८८३ मध्ये नर्स होऊन बाहेर पडली. पुढे काही काळ रोममध्ये काम केलं. वर्गात फळ्यापुढे उभी राहिलेली बाई नर्सिंगमध्ये आली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळच्या ट्रेनिंग स्कूलांत शाळा म्हणावी असं फारच थोडं होतं. मुली दिवसभर वॉर्डात राबायच्या आणि संध्याकाळी, अंगात त्राण उरलेलं नसताना, डॉक्टरांचं लेक्चर ऐकायला बसायच्या. कितीतरी हॉस्पिटलं शिकाऊ मुलींना श्रीमंतांच्या घरी पेशंट सांभाळायला पाठवायची आणि त्याची फी हॉस्पिटलच्या खात्यात जमा व्हायची. म्हणजे ट्रेनिंगच्या नावाखाली मिळालेले जवळजवळ बिनपगारी हात.

१८८६ मध्ये ती शिकागोला इलिनॉय ट्रेनिंग स्कूलची प्रमुख झाली. कुक काउंटी हॉस्पिटलचे वॉर्ड, बहुतेक पेशंट गोरगरीब. तिथे तिने अभ्यासक्रमाला पायऱ्या आणल्या: आधी काय शिकायचं, नंतर काय, कुठल्या वर्षाची परीक्षा कशावर, हे सगळं ठरवून दिलं. आज फर्स्ट इयर, सेकंड इयर म्हणताना यात नवल ते काय असं वाटेल. पण त्याआधी वॉर्डात ज्या दिवशी जे काम निघेल तेच त्या दिवशीचं शिक्षण, अशी गत होती.

पायरीने शिकणं म्हणजे काय ते एका साध्या कामावरून सांगते. फर्स्ट इयरच्या मुलीला आम्ही पेशंट पलंगावर असतानाच चादर बदलायला शिकवतो. पेशंटला आपल्यापासून पलीकडे कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी तिच्या मागोमाग पसरायची, मॅकिन्टॉशवर (म्हणजे रबरी कापडावर) ड्रॉशीट, म्हणजे कमरेखालची आडवी चादर, घालून ताणून खोचायची, एक सुरकुती राहता कामा नये. इथवर काम हाताचं, आणि आठवड्याभरात हात सरावतातही. पण उताण्या पडून असलेल्या माणसाचा भार कमरेखालच्या हाडावर येतो, कातडी हाड आणि गादीच्या मध्ये चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तिथे जखम धरायला लागते, हे हाताला आपोआप कळत नाही. तो भाग लालसर दिसला तर बोटाने दाबून बघायचं. बोट उचलल्यावरही लाली जराही फिकी झाली नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे. आता आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली धड दिसतच नाही. मग तळवा टेकवून अंदाज घ्यायचा: भोवतीच्या कातडीपेक्षा इथे ऊन लागतंय का, टणक झालंय का, की पिठासारखं मऊ पडलंय? हे ज्या मुलीला ठाऊक आहे ती चादर बदलता बदलता पेशंटची पाठ वाचते. जिला ठाऊक नाही ती नुसती चादर बदलते. दोघींचे हात सारखेच चालतात.

१८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं आणि तिथल्या नर्सिंग स्कूलची पहिली प्रमुख म्हणून इझाबेल गेली. विद्यार्थिनींना बाहेर घरोघरी कामाला पाठवायचं नाही, असा तिचा नियम. लॅव्हिनिया डॉक तिची सहायक, आणि ॲडलेड नटिंग पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी. ही नटिंग पुढे १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक झाली. जगात कुठल्याही नर्सला मिळालेलं ते पहिलं प्राध्यापकपद. त्या कॉलेजातल्या नर्सेससाठीच्या ज्या कोर्समधून ते घडलं तो १८९९ मध्ये सुरू करण्यात इझाबेलचाच पुढाकार होता.

१८९३ साली तिचं 'नर्सिंग: इट्स प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस' हे पाठ्यपुस्तक आलं. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या परिषदेत नर्सिंग विभागाची ती अध्यक्ष होती. तिथे तिने स्पष्ट मांडलं की 'ट्रेन्ड नर्स' या बिरुदामागे काय शिक्षण आहे याचा काही भरवसा नाही. सगळीकडे एक दर्जा हवा, तीन वर्षांचं शिक्षण हवं आणि वॉर्डातलं काम दिवसाला आठ तास. आठ तास! मुली बारा-बारा तास उभ्या असायच्या त्या काळात. थकलेली मुलगी शिकू शकत नाही, हे तिच्यातल्या शिक्षिकेला पक्कं कळलेलं होतं. नर्सिंग स्कूलांच्या प्रमुखांची संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. पुढे देशभरच्या नर्सेसची संघटना झाली, तिची पहिली अध्यक्ष इझाबेलच.

१८९४ मध्ये तिने डॉ. हंटर रॉब यांच्याशी लंडनमध्ये लग्न केलं. हातातला फुलांचा गुच्छ नाईटिंगेलबाईंनी पाठवलेला होता. लग्न झालं आणि हॉपकिन्सची नोकरी सुटली, तेव्हाची रीतच तशी. तिचं लिहिणं आणि संघटनेचं काम मात्र क्लीव्हलंडच्या घरातूनही चालूच राहिलं. १९०० मध्ये तिचं 'नर्सिंग एथिक्स' आलं. त्यातलं डॉक्टरांच्या आज्ञेत राहण्यावरचं सगळं मला पटत नाही. आज मी मुलींना सांगते, डोस चुकीचा वाटला तर डॉक्टर कितीही मोठे असोत, थांबा आणि विचारा. पण नर्सच्या वागण्याचाही अभ्यास व्हायला हवा, त्यावर पुस्तक असायला हवं, हे तिने ओळखलं. १९१० च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडच्या रस्त्यात दोन ट्रामगाड्यांमध्ये सापडून ती गेली. पन्नाशीची होती. मागे दोन मुलगे.

त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने स्त्रियांना शिकवणारं सेवासदन सुरू झालं होतं. पुढे तिथून मुली आणि विधवा बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला गेल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, असं विचारणाऱ्या समाजातून त्या गेल्या. त्यांनी शिकायचं ठरवलं म्हणून आज तुमची मुलगी ॲडमिशनच्या रांगेत मान वर करून उभी आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पुस्तकं हवीत ती चादर बदलता बदलता पेशंटची पाठ वाचता यावी म्हणून. पण इझाबेल ज्याच्याशी भांडली ते पुरतं गेलेलं नाही. स्टाफ कमी पडला की विद्यार्थिनींना पुढे करायचं, असं आजही होतं. हॉस्पिटलच्या पोस्टिंगवरून आलेल्या मुली सांगतात, "मॅडम, नाईटला वॉर्डात आम्हीच होतो." तिसऱ्या दिवशी पेपर, आणि मुलगी नाईट करून येऊन वर्गात पेंगते. मी तिला रागावत नाही, झोपायला पाठवते आणि मग ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याशी भांडते. अशा ठिकाणी पुस्तकं कपाटातच राहतात आणि यादी खरंच फुकट जाते.

म्हणून पुस्तकांची यादी वाचलीत तशी आणखी थोडी चौकशी करा. वर्गाचे तास खरोखर होतात का? वॉर्डात मुलींसोबत ट्यूटर असतात का? नाईट ड्युटीला इंचार्ज सिस्टर कोण, आणि मुलीच्या हाताखाली किती पेशंट दिले जातात? सीनियर मुलींना बाजूला घेऊन विचारा, त्या खरं सांगतील. हे आमच्या कॉलेजातही विचारा, मला आवडेल.