पहिले दोनशे मीटर: पहिल्या ट्रायथलॉनला निघालेल्यांसाठी

शर्यत होऊन आज तिसरा दिवस. वेटसूटच्या (गार पाण्यात पोहताना घालायच्या घट्ट रबरी पोशाखाच्या) कॉलरने मानेवर ओढलेली लाल रेघ अजून चुरचुरते आहे आणि उजवा हात डोक्याच्या वर नेला की खांद्यातून कळ येते. तरी लिहायला बसलो आहे. मला जे कुणीही सांगितलं नाही, ते पुढच्या माणसाला पाण्यात उतरण्याआधी कळायलाच हवं.

शर्यत स्प्रिंट अंतराची होती. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, म्हणजे ऑलिम्पिक अंतराच्या बरोबर निम्मी. पोहणं सरोवरात. आधी ज्याला ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच: 'टँकमध्ये न थांबता हजार मीटर जातं ना? मग साडेसातशेची कसली काळजी!' मी आठवड्यातून तीनदा हजार मारत होतो, त्यामुळे काळजी केलीच नाही. हा सल्ला चुकीचा आहे. अपुरा वगैरे नाही, साफ चुकीचा.

कसा ते बघा. २५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० लेंग्थ, म्हणजे वाटेत २९ वेळा भिंत. दर वेळी भिंतीला पाय लावून ढकललं की चार-पाच मीटर फुकट मिळतात. पाचाने धरलं तर १४५ मीटर मी हात मारलेलेच नव्हते. शिवाय दर भिंतीला एक जास्तीचा श्वास, तळाशी सरळ नेणारी काळी रेघ आणि कधीही उभं राहता येईल ही मनाच्या मागे असलेली खात्री. सरोवरात यातलं काहीही नाही. मी महिनोन्‌महिने ज्याचा सराव केला ती गोष्टच वेगळी होती.

शिट्टी वाजली आणि आमच्या रंगाच्या टोप्यांची लाट पाण्यात घुसली. मी उत्साहाने दुसऱ्या रांगेत उभा होतो. पाणी सूटच्या आत पाठीवरून खाली उतरलं आणि छातीने आपोआप एक मोठा श्वास ओढला. मी घेतला नाही, तो ओढला गेला. मग दुसरा, तिसरा. तोंड पाण्यात घातलं तर हिरवट-तपकिरी अंधार, स्वतःचा हातसुद्धा कोपरापुढे दिसेना. कुणाची तरी टाच गॉगलवर बसली आणि डाव्या डोळ्यात पाणी शिरलं. ऐंशी-नव्वद मीटरवर मी पाठीवर उलटा झालो. सूटचा गळा आवळतोय असं वाटत होतं, श्वास आत जात होता पण पुरत नव्हता, आणि डोक्यात एकच विचार: मला पोहता येत नाही.

बाजूला नारिंगी कयाक, म्हणजे छोटी निमुळती नाव, होती. तीत बसलेल्या बाईंनी वल्हं आडवं ठेवलं आणि कडेला बांधलेली दोरी माझ्याकडे सरकवली. 'धरा. मी नाव पुढे नेणार नाही, तेव्हा तुम्ही बाद होत नाही.' मी धापा टाकत होतो. त्या म्हणाल्या, 'घेऊ नका, सोडा. श्वास सोडा. घेणं आपोआप होईल.' आणि त्या बोटांनी कयाकच्या प्लॅस्टिकवर ठोके देऊ लागल्या. टक, टक, टक, टक. चार ठोके सोडायचं. ती दोरी ओली, जाड, वाळूने खरखरीत होती, अजून तळहाताला आठवते. दहाव्या-बाराव्या श्वासाला छाती सैल झाली. मी दोरी सोडली आणि पोहत गेलो. उरलेलं सगळं अंतर पुन्हा एकदाही थांबलो नाही.

नंतर समजून घेतलं ते असं. गार पाणी अचानक त्वचेला लागलं की शरीर धाप लागल्यासारखं श्वास ओढू लागतं आणि ते आपल्या हातात नसतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते सगळ्यात जोरात असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. टँकमध्ये कमावलेल्या दमसासाने ते टळत नाही. त्यात गर्दी, लाथा, आवळलेली छाती आणि सुरुवातीचा वेग मिळाला की माणूस श्वास कोंडून धरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुदमरल्याची भावना आणखी वाढते. हवा कमी पडत नसते, बाहेर जात नसते. हे मला आधी माहीत असतं तर ती दोन-तीन मिनिटं मी मोजून काढली असती.

म्हणून सांगतो, शर्यतीआधी किमान चार-पाच वेळा खऱ्या पाण्यात पोहा. एकट्याने अजिबात नाही. कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधा आणि सोबत कुणीतरी पाण्यात किंवा नावेत असू द्या. मोठा पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस उतरू नका, काठावरची सगळी घाण वाहून आत आलेली असते. अंतर मारण्यासाठी जाऊच नका. आत शिरा, चेहरा बुडवा, पाण्याखाली 'हंऽऽ' असा आवाज काढत श्वास सोडा, धाप ओसरेपर्यंत थांबा, बाहेर या, पुन्हा शिरा. मी टँकमध्ये तीस लेंग्थ मारण्यापेक्षा असं दहा वेळा केलं असतं तर कयाकची गरज पडली नसती.

शर्यतीच्या दिवशी दहा मिनिटं आधी पाण्यात उतरू देत असतील तर उतराच. देत नसतील तर काठावरूनच चेहऱ्यावर, मानेवर पाणी मारा आणि सूटचा गळा ओढून आत पाणी सोडा. पहिलीच शर्यत असेल तर मागे आणि बाहेरच्या कडेला उभे राहा. पंधरा सेकंद उशिरा निघालात तर काही बिघडत नाही, लाथा मात्र चुकतात. पहिले शंभर मीटर मुद्दाम सावकाश. फ्रीस्टाइल जमेना तर ब्रेस्टस्ट्रोक करा, पाठीवर पडा, सगळं नियमात बसतं. बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) किंवा थांबलेली नाव धरणंही चालतं, फक्त तिच्या आधाराने पुढे जायचं नाही. हा एक नियम आधी माहीत असला तरी निम्मी भीती जाते.

एक गोष्ट मात्र भीतीच्या खात्यात टाकायची नाही. थांबूनही श्वास सावरत नसेल, खोकला येत असेल, छातीत घुरघुर वाटत असेल किंवा थुंकीत गुलाबी फेस दिसला तर हात वर करा आणि बाहेर पडा. जोरात पोहताना क्वचित फुप्फुसात पाणी साठतं, पोट भरून पाणी प्यायल्यासारखं ते नसतं. शर्यत तिथेच संपली, डॉक्टरांकडे जायचं. छातीत दुखलं तरी तेच.

दुसरी फसगत दिशेची. नकाशावर दोन बोया दाखवले होते, पाण्यात पाच निघाले. मधले तीन फक्त वाट दाखवायला. मी पहिल्याच मोठ्या बोयाला वळणाचा समजून जीव तोडून गेलो आणि तिथे पोहोचल्यावर सगळे सरळ जाताना दिसले. तो क्षण फार वाईट होता. सूचनांच्या वेळी विचारूनच घ्या: वळायचा बोया कोणत्या रंगाचा आणि तो कोणत्या खांद्याला ठेवायचा. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून बघा. डोकं पूर्ण वर काढलंत की पाय बुडतात. बोया लाटेआड जातो, म्हणून त्याच्या मागच्या काठावरचं एखादं उंच झाड किंवा टॉवर आधीच हेरून ठेवा. पुढच्याच्या पायांवर भरवसा ठेवू नका. मी ठेवला आणि आम्ही दोघेही भरकटलो. घड्याळाने ९१० मीटर दाखवले. सकाळचं ऊन समोरून येणार असेल तर गडद काचेचा गॉगल हवा. पट्टा टोपीच्या आत घाला, म्हणजे लाथ लागली तरी गॉगल हरवत नाही.

आता वेटसूट. याचा राग अजून गेलेला नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी विक्रेत्याने मला एक माप मोठा सूट गळ्यात मारला, 'हात मोकळे राहतात' म्हणाला आणि माझ्या सायकलच्या निम्मी किंमत घेतली. सैल सूट हा सूटच नव्हे. पाठीच्या खोलगट भागात पाणी साचून राहतं, दर हाताला ते वाहून न्यावं लागतं आणि कॉलर मान सोलते. सूट काठावर घट्ट वाटला पाहिजे, काखेत आणि पाठीवर चुण्या पडता कामा नयेत. जाडीचंही तेच. पाच मिलिमीटरपेक्षा जाड सूट नियमात बसत नाही, म्हणून 'जाड तेवढा चांगला' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. पाणी कोमट निघालं तर सूट घालूच देत नाहीत, तापमान ऐन वेळी मोजतात. त्यामुळे सूटशिवायही पोहता आलं पाहिजे. पहिल्या शर्यतीला विकत घेऊ नका. भाड्याने घ्या आणि त्यात आधी दोनदा पोहा. मानेला, काखेला वंगण लावा, पण पेट्रोलियम जेली नको, सूटचं रबर (निओप्रीन) खराब होतं.

सायकल आणि धावणं याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मजा आली. पाण्यातून उठताना चक्कर येते, म्हणून शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जरा जास्त मारा आणि हात तळाला लागेपर्यंत उभे राहू नका. हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, माझ्या शेजारच्या रॅकवाल्याला त्यावरूनच थांबवलं. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात. सायकल संपताच धावण्याचा सराव चार-सहा वेळा केला असेल तर एक किलोमीटरमध्ये ते सुटतात.

अंतिम रेषेनंतर मी कयाकवाल्या बाईंना शोधत काठावर गेलो. त्या नाव उलटी करून आतलं पाणी ओतत होत्या. मी ओळख सांगितली. त्या म्हणाल्या, 'आज सहा जणांनी दोरी धरली. पाच जण पूर्ण करून आले.' रविवारी मी पुन्हा त्याच पाण्यात जातो आहे, सोबत दोघे आहेत. पहिली दहा मिनिटं फक्त चेहरा बुडवायचा आणि 'हंऽऽ' म्हणायचं, मग पहिल्या बोयापर्यंत जाऊन परत.