देवचाराने तिला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’?

१२ जून

पाऊस लागला, वीज गेली, तीन प्रकरणं झाली. शब्द साधारण साडेसहा हजार. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुन्या परीकथांवर बेतलेल्या प्रेमाच्या अद्भुत कादंबऱ्या वाचता वाचता हात शिवशिवले आणि मीही एक लिहायला घेतली. कथा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, बीस्टच्या जागी गावाचा राखणदार देवचार, मुक्काम गोवा, भाषा मराठी. घरी आम्ही कोंकणी बोलतो, पण लहानपणापासून वाचलं ते मराठी, त्यामुळे कागदावर हात मराठीतच चालतो.

मूळ कथेत बाप व्यापारी. त्याची जहाजं जातात आणि घर रस्त्यावर येतं. या जहाजांचं गोव्यात काय करायचं म्हणून मी महिनाभर डोकं खाजवत होते, आणि उत्तर रोज बसच्या खिडकीतून दिसत होतं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मांडवीत बार्ज नुसत्या उभ्या राहिल्या. मुरगाव बंदराला न्यायला खनिज नाही, बँकेचे हप्ते मात्र चालू. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा तेच. ज्यांनी कर्ज काढून ट्रक नि बार्ज घेतल्या होत्या त्यांची गत काय झाली, हे डिचोली-साखळीत कुणाला सांगायला नको. तर माझा बाप दोन बार्जांचा मालक. मूळ कथेत एक जहाज परत आल्याची बातमी येते, तो आशेने जातो, कोर्टकज्ज्यात सगळं हातचं जातं आणि तो रिकामा परततो. माझ्याकडे एका बार्जला गिऱ्हाईक मिळतं, बाप वास्कोला जातो, बँक सगळी रक्कम कर्जात वळती करून घेते. परतताना रायबंदरला फेरीबोट चुकते. काळोखात दुसरीच एक होडी धक्क्याला लागते आणि तो चढतो.

हे प्रकरण एका बैठकीत झालं. पुढची तशी होणार नाहीत, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

२९ जून

लिखाण शून्य, वाचन भरपूर. माझा नियम जुनाच: आधी मूळ, मग कादंबरी. आपल्यातले बरेच जण सिनेमातून या कथेकडे येतात. त्यांना आग्रहाने सांगते, १७४० ची व्हिलनव्हबाईंची मूळ फ्रेंच कथा भाषांतरात का होईना, वाचाच. लांबलचक आहे, त्यात व्यापाऱ्याला सहा मुलगे नि सहा मुली, आणि उत्तरार्धात पऱ्यांच्या भाऊबंदकीचं असं जंगल माजतं की वंशावळ काढायला कागद लागतो. ब्यूटी आणि बीस्ट मधेच कुठेतरी राहून जातात. १७५६ मध्ये बोमाँबाईंनी ती छाटून आटोपशीर केली. आज सगळ्यांना माहीत आहे ती कथा त्यांची.

दोघींतला एक फरक माझ्या कामाचा. बीस्ट रोज रात्री जेवणाच्या वेळी एकच प्रश्न विचारतो. बोमाँबाईंकडे तो विचारतो, ‘माझी बायको होशील?’ व्हिलनव्हबाईंकडे सरळ विचारतो, ‘आज माझ्याबरोबर निजशील?’ बोमाँबाई पेशाने शिक्षिका, मुलींसाठी लिहीत होत्या, त्यामुळे त्यांनी काय बदललं नि का, ते उघड आहे. पण दोन्हींत ती रोज ‘नाही’ म्हणते, आणि दोन्हींत तो ते ऐकून निमूट निघून जातो. माझ्या मते सगळी प्रेमकथा त्या निघून जाण्यात आहे. ज्या कादंबऱ्यांमध्ये हा रोजचा प्रश्न गाळून नुसता जादूचा वाडा आणि भरदार खांदे ठेवलेत, त्या माझ्या शंभराव्या पानापुढे गेल्या नाहीत.

२० जुलै

चौथं प्रकरण पाचव्यांदा लिहिलं. अडलं कुठे ते सांगते, कुणाला वेगळी वाट सापडली असेल तर हवी आहे.

माझा बीस्ट म्हणजे देवचार. गोव्याबाहेरच्यांसाठी: देवचार हा गावाचा राखणदार. रात्री हातात दांडा घेऊन सीमेवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा. त्याला रोट, विडी, मेणबत्ती ठेवतात. वेताळाला तर काही देवळांत चामड्याच्या वहाणा वाहतात. त्या झिजलेल्या दिसतात, म्हणजे देव रात्री फिरून आला. हे मी उचललं. माझ्या नायिकेला त्याचं तोंड दिसायच्या आधी दाराशी काढून ठेवलेल्या त्याच्या झिजक्या वहाणा दिसतात. (फ्रेंच लेखक पेरोने १६९७ मध्ये सिंड्रेलाला काचेचा बूट दिला. आमच्याकडे पादत्राण नायकाचं.)

आता गंमत बघा. राखणदाराला गाऱ्हाणं घालताना आपण त्याला काय म्हणतो? ‘म्हाराजा’ म्हणतो, पण पुढचं सगळं ‘तू’. तू सांभाळ, तू राख. देवाला तू म्हणायचं आणि नवऱ्याला अहो! म्हणजे ती त्याला घाबरते तेव्हा तिने ‘तू’ म्हणायला हवं, आणि जवळीक वाढेल तसं ‘तुम्ही’वर यायला हवं. इंग्रजी कादंबऱ्यांत ही भानगडच नाही, सगळ्यांना एकच ‘यू’. ज्युलिएट मॅरिलिएरच्या ‘डॉटर ऑफ द फॉरेस्ट’मध्ये (१९९९) तर नायिका बोलतच नाही. हंस झालेल्या भावांसाठी सदरे विणून होईपर्यंत तिला मौन आहे, आणि प्रेम त्या मौनातच होतं. वाचताना मला चक्क हेवा वाटला.

पहिल्या खर्ड्यात देवचार तिला ‘तू’ म्हणत होता. जमीनदार कुळाशी बोलतोय असं वाटलं. दुसऱ्यात ‘तुम्ही’. सरकारी कचेरीतला सज्जन कारकून. तिसऱ्यात ‘आपण’ आणला आणि नाटक कंपनी रंगमंचावर आली.

वाट आईवडिलांनी दाखवली, त्यांच्या नकळत. आमच्या घरात ‘ऐकलं का?’, ‘जेवण झालं?’, ‘बाजारात जायचं का?’ यावर चाळीस वर्षं संसार चालला आहे. कर्ता नाहीच! मराठीत क्रियापद माणूस उघडा पाडतं, पण ‘-णार’ आणि ‘-यचं’ पाडत नाहीत. म्हणून माझा देवचार रोज रात्री विचारतो, ‘लग्न करणार माझ्याशी?’ यात तू नाही, तुम्ही नाही. तीही उत्तर देते, ‘नाही.’ तो दिवा घेऊन फेरीला निघून जातो. नऊ प्रकरणं तो तिला असंच विनासर्वनाम बोलणार आहे. लिहायला महाकठीण आहे, दर दोन ओळींनी एखादं ‘तुला’ निसटतं आणि खोडावं लागतं. पण ज्या रात्री त्याच्या तोंडून पहिलं ‘तू’ निघेल, त्या रात्री वाचणाऱ्याने पुस्तक खाली ठेवता कामा नये.

१७ ऑगस्ट

श्रावण. साडेअठरा हजार शब्द. मूळ कथेत बाप मुलीसाठी बीस्टच्या बागेतला गुलाब तोडतो नि त्यापायी मुलगी द्यावी लागते. त्या गुलाबाच्या जागी सुरंगीचा वळेसर (फुलांची माळ) टाकला, कारण ती शिमग्याच्या आसपास फुलते आणि बापाला सापडते भर पावसात. अबोलीचा मोह झाला होता (नावच बघा), पण ती दारोदार असते, तिच्यासाठी कुणी मुलगी गहाण टाकणार नाही.

मोठ्या बहिणी हेवेखोर ठेवाव्यात की नाही, हे ठरत नव्हतं. रॉबिन मॅकिनलीने ‘ब्यूटी’त (१९७८) त्यांना चांगलं केलं आणि कथेचं काही बिघडलं नाही. मीही तसंच करतेय. कर्जात बुडालेल्या घरात वाईट वागायला बँक पुरेशी आहे.

चवथ आटोपल्यावर

आठ दिवस वहीला हात नाही, पण सगळ्यात अवघड गाठ गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना सुटली. मूळ कथेत ब्यूटी माहेरी जाते, परतायचा वायदा करते, बोमाँबाईंकडे आठवड्याचा, व्हिलनव्हबाईंकडे दोन महिन्यांचा, आणि तो मोडते. बोमाँबाईंच्या बहिणी तिला अडवायला केस उपटून दुःखाचं सोंग करतात. माझ्या बहिणी प्रेमळ, त्यांना सोंग कसं देऊ? माझी नायिका चवथीला घरी येते, दीड दिवसाच्या गणपतीचा वायदा करून. आणि घरचे आनंदाने ठरवतात, पोर परत आली, यंदा गणपती पाच दिवस ठेवू. मग सात. कुणाचाच दोष नाही. रोज आरती, रोज फुगडी, आणि तिकडे सीमेवर दिवा मंद होत चाललेला. हे प्रकरण रात्री दोनपर्यंत लिहिलं, सकाळी कामावर डोळे तांबारलेले.

एकूण सव्वीस हजार. अठरापैकी चौदा प्रकरणं.

राहिला शेवट. देखणा राजपुत्र मला नकोच होता. मॅकिनलीने तीच कथा १९९७ मध्ये ‘रोज डॉटर’ म्हणून पुन्हा लिहिली तेव्हा ब्यूटी त्याला बीस्टच राहू देते (माफ करा, ज्यांनी वाचलं नव्हतं). मी मात्र देवचाराला साधा, चाळिशीतला, थोडा वाकलेला माणूस करणार होते. परवा आजीला सगळी गोष्ट सांगितली. बार्ज, वळेसर, वहाणा, सगळं तिने मान डोलवत ऐकलं. लग्नापाशी आले तशी सुपारी कातरायची थांबली.

‘आनी मागीर गांव कोण राखतलो?’ (आणि मग गाव कोण राखणार?)

पंधरावं प्रकरण तिथेच थांबलं आहे. काल रात्री एक ओळ लिहिली: ती त्याच्या वहाणा पायात घालून बघते, त्या तिला मोठ्या होतात. ठेवावी की खोडावी, अजून ठरलेलं नाही.