वाय जुळला नाही, आता आत्तीची पाळी

मंडळी, पाटलांच्या घरातले आण्णा आणि मी एकाच भाऊकीतले का, हे बघायला दोघांनी वायची, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडं जाणाऱ्या वाय गुणसूत्राची डीएनए चाचणी केली होती. तिचा निकाल आला आणि मांडलेला सगळा डाव विस्कटला.

जुळणाऱ्यांच्या यादीत आण्णांचं नाव दिसेल म्हणून आठवडाभर सकाळी चहाच्या आधी मेल उघडत होतो. नावच नाही. कंपनीचा काही घोळ असेल म्हणून दोघांचे वाय-३७ चे, म्हणजे वायवरच्या ३७ ठरलेल्या जागांचे (मार्करचे) आकडे वहीत शेजारी शेजारी उतरवले. डीवायएस ३९३ या पहिल्या मार्करपासून सुरुवात केली, निम्म्यापर्यंत येईतो हात गार पडले. ३७ पैकी २२ ठिकाणी फरक. चारपर्यंत असता तर भाऊकी म्हणून छाती पुढं काढली असती. वर हॅप्लोग्रुप, म्हणजे फार जुन्या मूळपुरुषावरून ठरणारा गटही वेगळा: माझा आर, त्यांचा एच. म्हणजे बापाकडून मुलाकडं येणारी आमची रेघ त्यांच्यापासून हजारो वर्षांपूर्वीच फुटलेली. आणि वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्याच्या वहीत मात्र माझे पणजोबा त्याच घरात, त्याच रांगेत, ठसठशीत!

तुमच्यापैकी दोघांनी लगेच कळवलं की चाचणी वाय-१११ ला, म्हणजे १११ मार्करपर्यंत वाढवा. मीही पैशांची जुळवाजुळव करत होतो. पण हॅप्लोग्रुपच वेगळा असेल तर आणखी मार्कर तपासून 'जुळत नाही' हेच ठासून कळणार. वाढीव मार्कर कामाला येतात ते जुळलेल्या दोघांत किती पिढ्यांचं अंतर आहे हे बघायला. ते पैसे वाचले, तेवढाच नफा.

रेघ तुटते कशी हे आपल्याला नवीन नाही. एक दत्तक. आपल्या कोल्हापुरात तर हे उदाहरण घरचंच: कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. वंशावळीत रेघ सलग, वाय मात्र कागलचा. दुसरं घरजावई: जावई पाटलाच्या वाड्यात राहिला, पोरांना गाव पाटील म्हणू लागलं, झालं. तिसरं कारण भाऊकीत कोणी बोलत नाही, मीही इथं बोलत नाही. आडनावावर तर विसंबूच नये. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही कामाची नावं, रक्ताची नव्हेत. दोन गावच्या पाटलांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. परदेशात आडनावावरून वायचे गट चालवतात, ते आपल्याकडं कितपत चालणार?

आता आनंदाची गोष्ट. ट्रंकेतला तो मोडी कागद अखेर वाचला! तीन संध्याकाळी गेल्या. शिरोरेघ आधी मारून खाली अक्षरं टांगलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण वाचला, आणि कुणाची मदत न घेता. जमीन गहाण ठेवल्याचा कागद आहे. सगळ्या साक्षीदारांच्या नावापुढं 'बिन' आणि बापाचं नाव, फक्त आमच्या पणजोबांच्या नावापुढं 'बिन' नाही. तिथं लिहिलंय, अमक्या पाटलाचा 'नातू'.

नातू! मुलाचा की मुलीचा? आपल्या भाषेनं ऐन वेळी दगा दिला बघा. पण बाकी सगळे 'बिन' असताना एकालाच आजोबांच्या नावानं लिहिलं, म्हणजे बापाचं नाव या गावातलं नव्हतं, असा माझा कौल. घरजावयाकडं पारडं झुकतंय.

हे तपासायला वाय बिनकामाचा. पणजोबांची आई पाटलांची लेक असेल, तर त्या घराचं रक्त आमच्यात आहे, फक्त वायमध्ये नाही. म्हणजे ऑटोसोमल चाचणी, आई-बाप दोघांकडून येणाऱ्या बाकीच्या डीएनएची. मी स्वतः केली तर आण्णांच्या मुलाशी माझं नातं चौथ्या चुलत भावाचं, आणि अशा निम्म्या जोड्यांत मोजण्यासारखं काहीच सापडत नाही. माझी आत्ती आणि आण्णा एक पिढी वर. तिथं सरासरी सत्तरेक सेंटीमॉर्गन (जुळलेला डीएनए मोजायचं माप) तरी मिळतात, अर्थात दहातली एखादी जोडी तिथंही कोरी जाते. मोठा डेटाबेस बघून अँसेस्ट्री कंपनीची चाचणी घ्या म्हणणाऱ्यांनो, मला अनोळखी माणसं शोधायची नाहीत, दोन म्हाताऱ्या माणसांची तुलना करायचीय. अँसेस्ट्रीत क्रोमोसोम ब्राउझर नाही, मग डीएनएचा कुठला तुकडा जुळला ते कसं बघणार? त्यापेक्षा फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी आणि पुढं निकाल ताडून बघायची जीईडीमॅच ही साइट बरी. आणि ते वांशिक टक्केवारीचे रंगीत नकाशे! तुम्ही दक्षिण आशियाई आहात हे सांगायला डॉलर घेतात.

कोरी जोडी निघाली तर काय, म्हणून आण्णांच्या सख्ख्या बहिणीचाही नमुना घ्यायचं ठरवत होतो. वायच्या नादात मी दोन वर्षं नुसते पुरुष शोधत हिंडलो; ऑटोसोमलला बायकाही तेवढ्याच चालतात. पण हे लिहिता लिहिताच ध्यानात आलं: आत्तीची आई पोर्ले गावची आणि आण्णांची आईही पोर्ल्याची, त्याच भाऊकीतली. म्हणजे आत्ती आणि आण्णा जुळले तरी ते पाटलांमुळं की पोर्ल्यामुळं? सख्खी बहीण घेऊन तोच घोटाळा दुप्पट. त्यात मामाची पोरगी करायची आपली रीत, त्यामुळं सेंटीमॉर्गन असेही फुगतात.

तेव्हा बहीण रद्द. आण्णांची चुलतबहीण, गारगोटीला दिलेली, तिची आई गडहिंग्लजकडची. आत्तीचा जो तुकडा आण्णांशीही जुळेल आणि या अक्कांशीही, तो पोर्ल्याचा असायची शक्यता फार कमी. नमुना घ्यायची तीन किट लागणार.

किटचं रडगाणं: मागच्या खेपेला शाहूपुरीतल्या एका कुरिअरवाल्यानं 'माणसाचा नमुना' ऐकून पाकीट बोटाच्या टोकानं परत सरकवलं. यंदा भाचा दिवाळीला ह्यूस्टनहून येतोय, आणणं-नेणं त्याच्याकडं. थुंकीच्या नळीपेक्षा गालातून फिरवायचा बोळा म्हाताऱ्यांना सोपा, हे माझं ठाम मत. आत्तीचं तोंड कायम कोरडं.

आण्णांच्या मुलाला डीएनए म्हटलं की सातबारा दिसतो. "पाव्हणं, नाव लावायचा बेत न्हाई न्हवं?" म्हणाला. जमिनीवर हक्क सांगणार नाही असं कागदावर लिहून दिलं, तेव्हा हसला.

आत्ती तयार आहे, अडचण मिश्रीची. नमुना घ्यायच्या आधी तासभर तोंडात काही नको म्हटल्यावर म्हणाली, "मिश्री लावल्याबिगर माझं तोंडच उघडत न्हाई बाबा." पहाटे पाचला, ती उठायच्या आत गावात पोचायचं ठरवलंय.