बेटाची हद्द कुठल्या पाण्यापासून मोजायची?

राजपुरीच्या जेटीवरून जंजिरा पाहिला की बेटाची हद्द ठरवणं सोपं वाटतं. भोवती पाणीच पाणी. पण कुठलं पाणी, भरतीचं की ओहोटीचं?

समुद्राकडे मोजताना सहसा ओहोटीची रेषा धरतात. तिथून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२.२ किलोमीटर, प्रादेशिक समुद्र (देशाच्या हद्दीतलं पाणी). सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचं, ५०० मीटर अंतर मात्र भरतीरेषेपासून जमिनीकडे मोजतात. पुळणीचा उतार पन्नासास एक आणि पाण्याच्या पातळीतला फरक २ मीटर असेल, तर या दोन रेषांमध्ये १०० मीटर पडतात. कागदावर नुसतं 'किनाऱ्यापासून' लिहिलेलं असेल तर आधी रेषा कुठली ते विचारा. निम्मे घोळ इथेच होतात.

भरतीलाही पाण्यावर राहते ती नैसर्गिक जमीन म्हणजे बेट. फक्त ओहोटीला उघडा पडणारा खडक बेट नव्हे. तरीही तो किनाऱ्यापासून १२ मैलांच्या आत असेल तर हद्द त्याच्यापासून मोजता येते. फिनलंडच्या स्वायत्त ऑलंड बेटांसाठी १९२१च्या करारात ३ सागरी मैल धरले, तेही ओहोटीच्या रेषेपासूनच.

स्वायत्तता एका बेटाच्या नावाने असली तरी मुलूख तेवढाच असतो असं नाही. जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, अर्थ बेट. पण सिद्दीचं संस्थान उत्तरेला रेवदंड्याच्या खाडीपासून दक्षिणेला बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलं होतं. १९४८मध्ये ते विलीन झालं. बाणकोटची खाडी आजही रायगड-रत्नागिरीची हद्द आहे.

खाडीची हद्द दिसायला सरळ, पण रेषा पाण्याच्या मध्यावर की सर्वांत खोल पात्रावर, हे लिहिलेलं हवं. गाळ साचला की खोल पात्र सरकतं आणि मग वाद होतो.

ऑलंडच्या टोकाला मार्केट नावाचा खडक आहे. तो मधोमध फिनलंड आणि स्वीडनमध्ये वाटलेला. १८८५मध्ये फिनलंडच्या बाजूने दीपगृह बांधलं ते नेमकं स्वीडनच्या अर्ध्यात. १९८५मध्ये रेषा नागमोडी वळवून दीपगृह फिनलंडकडे घेतलं, दोघांचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच ठेवलं. इतकी काळजीपूर्वक केलेली दुरुस्ती क्वचितच दिसते.

आपल्याकडे तेरेखोलला असं वळण इतिहासाने दिलं. नदी गोव्याची उत्तर हद्द वाटते, पण १७४६मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून घेतलेला किल्ला उत्तर काठावर आहे आणि तो गोव्यातच राहिला. तेरेखोलहून महाराष्ट्रात चालत जाता येतं; समोरच्या केरीला जायला फेरीबोट लागते.