आमची वाटचाल : बेंबीच्या उंचीच्या कट्ट्याचे स्टॉल

आमचा मूळ धंदा मांडवाचा. सासरे, म्हणजे मामा, सांगलीत लग्नं, बारशी, गणपती, दहावं-तेरावं यांना बांबू-कनाती पुरवायचे. मी २००४ साली या घरात आले तेव्हा बालवाडीत शिकवत होते. मांडवाशी माझा संबंध झालरी धुवून वाळत घालण्यापुरता. आज शाळा, सोसायट्या आणि बचत गटांना खेळांचे, खाऊचे स्टॉल भाड्यानं देण्याचा जो भाग आहे, तो त्या झालरीवाल्या सुनेनं सुरू केला, हे सांगताना अजूनही थोडं बरं वाटतं.

२०११ च्या डिसेंबरात मुलीच्या शाळेत आनंद मेळावा होता. दोन बाकं जोडायची, वर आईची साडी, पुढं पुठ्ठा : ‘येथे झणझणीत भडंग मिळेल’. वारा सुटला की साडीचा पदर भडंगात. ती बाकं शिपाईमामांनी दोन जिने उतरवून आणलेली, संध्याकाळी परत वर न्यायची. बाई मला म्हणाल्या, “वहिनी, एवढे मोठे मांडव घालता तुम्ही, आमच्या पोरांच्या मापाचं काही नाही होय तुमच्याकडं?” नव्हतंच.

घरी विषय काढला. मिस्टर म्हणाले, “पोरांच्या खेळाला कोण भाडं देतंय?” मामा जेवत होते. ताटावरून मान वर न करता म्हणाले, “आठ स्टॉल करून बघा. नाही चालले तर भाजीवाल्यांना देऊ.”

एक इंची चौकोनी पाईप, १६ गेजचा. सहा फूट रुंद, चार फूट खोल, सात फूट उंच, घडी होणारा सांगाडा. वर कापडाचं छत, पुढं प्लायचा कट्टा. कट्ट्याची उंची आम्ही केटरिंगच्या काउंटरवरून घेतली, साडेतीन फूट. तिथंच फसलो.

पहिली ऑर्डर त्याच शाळेची, पुढच्या जानेवारीत. स्टॉल लागले, निळ्या-पिवळ्या झालरी सोडल्या, मी लांब उभी राहून बघतेय तर दुसरीच्या वर्गाच्या स्टॉलवर कुणीच दिसेना. नीट बघितलं तर कट्ट्याच्या कडेला चार भांग दिसत होते. फक्त भांग! दुकानदार आत होते, पण त्यांना गिऱ्हाईक दिसत नव्हतं आणि गिऱ्हाइकाला ते. एकानं बाहेर बघायला कट्ट्याला लोंबकळून झोका घेतला, प्लाय उलटलं आणि लिंबू सरबताचं आख्खं पातेलं त्याच्या डोक्यावर. लागलं नाही, पण रडणं थांबेना. शेवटी वर्गातून पुन्हा बाकंच आणली, पोरांना उभं राहायला.

दुसऱ्या दिवशी मामांनी गल्लीतली पोरं गोळा केली. भिंतीला पाठ लावून एकेकाला उभं केलं आणि पेन्सिलीनं बेंबीच्या उंचीवर रेघ मारली. “कट्टा बेंबीला लागला पाहिजे. त्याच्या वर गेला की हात दुखतात, खाली आला की माणूस वाकतो,” असं त्यांचं गणित. चौथीपर्यंतच्या पोरांसाठी सव्वादोन फुटांच्या आसपास माप आलं, मोठ्यांसाठी पावणेतीन. मग आम्ही पाईपला दोन ठिकाणी भोकं पाडली. पिन काढायची, कट्टा खाली किंवा वर सरकवायचा, पिन घालायची. आज ६० च्या वर स्टॉल आहेत, पहिल्यातले दोन सोडले तर सगळ्यांना तीच दोन भोकं. भिंतीवरच्या त्या रेघा मात्र पुढच्या दिवाळीच्या रंगात गेल्या.

सुरुवातीला नुसते स्टॉल द्यायचो. खेळ द्यायला लागलो ते शाळांनी विचारलं म्हणून. आणि खेळ द्यायचे तर आधी जत्रेतले खेळ बघितले पाहिजेत. बघितले, आणि आपण लहानपणापासून का हरत आलो ते कळलं.

रिंग टाकायचा खेळ घ्या. साबणाची वडी साधारण साडेतीन इंच लांब, सव्वादोन रुंद. म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चार इंचांच्या वर. रिंग आतून साडेचार इंचांची ठेवली की ती वडीला न टेकता सपाट बसायला नशीबच लागतं. डबे पाडायच्या खेळात खालच्या तीन डब्यांत मूठ-मूठ वाळू असते आणि चेंडू चिंध्यांचा. वरचे उडतात, खालचे बसून राहतात. बादलीतल्या वाटीत नाणं टाकायचा खेळ तर बिनलबाडीचाच अवघड. चपटं नाणं पाण्यात सरळ खाली जातच नाही, पान गळल्यासारखं डुलत बाजूला जातं. नाणं बरोबर वाटीच्या वर धरून सोडलं म्हणून काही उपयोग नाही.

आमची रिंग सहा इंचांची आहे. डबे रिकामे, चेंडू टेनिसचा. नाण्याच्या बादलीत वाटीच्या जागी पसरट ताटली. छऱ्याची बंदूक आणि टोकदार बाण आम्ही शाळेत देतच नाही, कुणी कितीही मागितले तरी. बक्षिसं पेन्सिल, खोडरबर, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. फाटक ओलांडायच्या आत मोडणारी प्लास्टिकची खेळणी नकोत, असं आम्ही सुचवतो. ऐकणारे ऐकतात.

एका सोसायटीच्या कमिटीनं सगळं बघून मला बाजूला घेतलं. “मॅडम, जरा कमी लोक जिंकतील असं काहीतरी करा ना. फंड जमवायचाय.” मी म्हटलं, तिकीट दहाचं पंधरा करा, रिंग लहान होणार नाही. ते पुन्हा आले नाहीत. आमच्या ह्यांना ती ऑर्डर गेल्याचं अजून वाईट वाटतं, मला नाही.

कुपनांचा किस्सा सांगायलाच हवा. एका शाळेत दुपारी दोनला हिशेब लागेना. विकली त्यापेक्षा जास्त कुपनं स्टॉलवर जमा झालेली! नववीच्या दोन पोरांनी सकाळी कुपन घेतलं, कोपऱ्यावरच्या दुकानात रंगीत झेरॉक्स मारली आणि अख्ख्या वर्गाला निम्म्या दरानं विकली. मुख्याध्यापकांना राग यावा की कौतुक वाटावं ते ठरेना. (त्यातला एक आता बँकेत आहे म्हणे.) तेव्हापासून कुपनाचा कागद दर कार्यक्रमाला वेगळ्या रंगाचा, आणि त्या दिवशी सकाळी शाळेतच शिक्का मारायचा. स्काउट-गाइडच्या ‘खरी कमाई’ला मात्र आम्ही कुपन नको म्हणतो. तिथं पोरांनी रोख पैसे हातात घेऊन सुट्ट्याचा हिशेब करायचा, तीच तर त्यातली गंमत. २०१६ च्या नोटाबंदीनंतरच्या डिसेंबरात तेवढं जमलं नाही. प्रत्येक पालक दोन हजारांची नोट घेऊन आलेला. बाईंनी वहीत नावं लिहून उधारीवर मेळावा केला.

वाऱ्याचं सांगते, कारण नवीन लोक या धंद्यात येतात आणि इथंच चुकतात. एप्रिलमध्ये विश्रामबागला उन्हाळी शिबिर होतं. दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि वळवाचा वारा सुटला. छताचं कापड २४ चौरस फुटांचं, त्याचं शीड झालं आणि कडेचा स्टॉल उचलला जाऊन कुंपणाला अडकला. पोरं वर्गात होती म्हणून निभावलं. सांगाड्याचं वजन बावीस-तेवीस किलो. वाटतं जड, वाऱ्याला काहीच नाही. शाळांच्या पटांगणात आता पेव्हर ब्लॉक, खुंट्या ठोकता येत नाहीत. म्हणून प्रत्येक पायाला वाळूचं पोतं, आणि आभाळ आलं की पाय धरून उभं राहायचं नाही, आधी छताचं कापड सोडायचं. हे आमच्या कामावरच्या पोरांना पाठ आहे. तळणीचा स्टॉल असेल तर कापड नाहीच. तीन बाजूंना पत्रा, खाली वाळूची बादली, सिलिंडर स्टॉलच्या बाहेर.

२०१९ चा ऑगस्ट. आमचं गोडाऊन तेव्हा मारुती चौकाच्या बाजूला होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं होतं, त्यामुळं मामांनी तेव्हाच्या खुणेच्या हातभर वर माळा बांधून कापड ठेवलेलं. या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. माळ्यासकट सगळं गेलं.

आठवड्यानं शटर उघडलं तेव्हा आधी वास आला. प्लाय फुगून पापडासारखं सुटलं होतं, थर न थर वेगळा. झालरींचा निळा रंग पिवळ्यात आणि पिवळा चिखलात. पाईप वाचले असं वाटलं, म्हणून एक उचलला तर तो नेहमीच्या दुप्पट जड. उघड्या तोंडातून गाळ आत जाऊन बसलेला. चार माणसं तीन दिवस पाईप आपटून-आपटून गाळ काढत होती, आणि बाहेर येणारा गाळ कॅडबरीसारखा तुकड्या-तुकड्यांनी पडत होता. रिंगा तेवढ्या तरंगत गेल्या. मागच्या वाड्यातल्या काकूंनी गॅलरीत अडकलेल्या अकरा रिंगा महिन्याभरानं आणून दिल्या, घासून, पुसून, दोऱ्यात ओवून.

त्यानंतर प्रत्येक पाईपचं तोंड टोपण वेल्ड करून बंद केलं, प्लाय पाण्याला टिकणारं, मरीनचं घेतलं, गोडाऊन कुपवाड रस्त्याला उंचावर नेलं. भाडं दीडपट. कर्ज काढलं. ते फेडायला डिसेंबरचा हंगाम धरला होता, तो मिळालाही. पुढचा मिळाला नाही, कारण मार्च २०२० नंतर शाळाच बंद. दोन वर्षं स्टॉल भाजीवाल्यांना दिले, मामा म्हणाले होते तसे. काही लसीकरण केंद्रांवर नोंदणीला गेले. त्यातलं एक बिल निघायला चौदा महिने लागले. असो.

मामा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. कोविडनं नाही, वयानं, पण त्या दिवसांत, त्यामुळं माणसं जमवता आली नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दहाव्याला मांडव घातलेल्या माणसाच्या दहाव्याला आम्ही चौघं होतो.

आता हंगाम पुन्हा भरलाय. स्नेहसंमेलनं, संक्रांतीची हळदीकुंकवं, बचत गटांची प्रदर्शनं, दिवाळीआधी फराळाचे स्टॉल. फटाक्यांना आम्ही देत नाही. पोरांना उड्या मारायला हवा भरायचे मिकी माउस ठेवा असं बरेच जण सुचवतात, पण त्याच्यापाशी दिवसभर एक शहाणा माणूस उभा लागतो आणि असा माणूस आमच्याकडं जास्तीचा नाही. मुलगी कॉमर्स शिकतेय, बिलं आणि जीएसटीचं ती बघते.

पहिल्या आठांपैकी दोन स्टॉल आम्ही बदलले नाहीत. साडेतीन फुटी कट्टा तसाच आहे. ते कुपन काउंटरला देतो, गल्ल्यात पोरांचे हात पोचत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीतले शनिवार हवे असतील तर दिवाळीच्या आधी कळवा. किती स्टॉल लागतील ते नंतर ठरलं तरी चालेल. कट्ट्यामागं कितवीची मुलं उभी राहणार ते मात्र पहिल्याच फोनला सांगा, म्हणजे पिना त्या भोकात घालूनच गाडी भरता येते.