ट्रॅक कुठले लावायचे, आणि एवढं बघतं कोण?

माझ्या रणगाड्यांच्या मॉडेलांच्या काचेच्या कपाटासमोर उभे राहिलेले पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. रणगाड्याला ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे पट्टे, कुठले लावायचे ते कसं ठरवता? आणि मग, जरा दबक्या आवाजात, एवढं बघतं कोण? परवा वेंगुर्ल्यातल्याच एका कॉलेजातल्या मुलाने दोन्ही विचारले. त्याने नुकतंच शर्मनचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्याचं, १:३५ मापाचं (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं) किट आणलंय. त्याने विचारलं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी दिवस ठरवा. ‘शर्मन करतोय’ एवढ्यावर ट्रॅक ठरत नाहीत. कुठल्या रेजिमेंटचा, कुठल्या आघाडीवरचा, कुठल्या महिन्यातला? त्याच गाडीचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. ट्रॅक झिजतो, तुटतो, बदलला जातो. जर्मन टायगर रणगाड्याचे तर दोन जोड असत: लढताना ७२५ मिलिमीटर रुंदीचे, आणि रेल्वेने न्यायचा तर ५२० चे, कारण रुंद ट्रॅक मालगाडीच्या डब्याबाहेर जात. रणांगणावरच्या टायगरला अरुंद ट्रॅक लावले, तर बाकी सगळं अचूक असूनही मॉडेल खोटं बोलतं.

माझा शर्मन मार्च १९४५ मधला, ब्रह्मदेशातल्या मैक्तिलाचा. तिथे २५५ इंडियन टँक ब्रिगेड लढली, त्यात प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंट होत्या. त्यांच्याकडे शर्मनचा एम४ए४ हा प्रकार होता. या गाडीत सहा सिलिंडरची पाच इंजिनं एकत्र जोडून ३० सिलिंडरचं एक इंजिन केलेलं असतं. ते मावावं म्हणून गाडी लांब केली, चाकांच्या जोड्यांमधलं अंतरही वाढलं. इतर बहुतेक शर्मनना एका बाजूला ट्रॅकच्या ७९ लिंक, म्हणजे कड्या, लागतात, हिला ८३.

मला हे वाचून माहीत होतं, तरी सुट्या लिंकचा सेट मागवताना खोक्यावरचं ‘शर्मन’ बघूनच पैसे भरले. आत १६० लिंक. ऐन जुलैत, हवेतल्या ओलीमुळे रंग वाळता वाळत नसताना, चार संध्याकाळी एकेक लिंक जोडत बसलो. खऱ्या ट्रॅकची एक लिंक सहा इंचांची, म्हणजे १:३५ मध्ये ४.३५ मिलिमीटर. शेवटी दोन्ही बाजूंना तीन-तीन लिंकची, १३ मिलिमीटरची फट उरली. वरचा भाग पत्र्याआड झाकला असता तर कुणाला कळलं नसतं. मी दुसरा सेट मागवला.

कारण आजोबा. ते मैक्तिलाच्याच रस्त्यावर लष्कराची लॉरी चालवत होते. लढाईबद्दल फारसं बोलायचे नाहीत, पण पडवीत बसून एकदा म्हणाले होते, “रणगाडो रबराचो की लोखंडाचो, ता आवाजावरसून कळायचा.” मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. रणगाडा रबराचा कसा असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नव्हती. उत्तर कळलं ते किटं करायला लागल्यावर. शर्मनच्या काही ट्रॅकवर रबराचे ठोकळे असतात, टी४८ या प्रकारावर तर व्ही आकाराची उठावदार नक्षी. जपानने १९४२ मध्ये मलाया घेतला, दोस्त राष्ट्रांचं रबर आटलं, आणि टी४९, टी५४ई१ असे लोखंडी ट्रॅक पुढे आले. आता दोडामार्गाकडे जाताना रबराच्या बागा दिसल्या की मला हेच आठवतं.

तर फोटो भिंगाखाली धरायचा आणि जमिनीला टेकणारी बाजू शोधायची. सगळ्यात स्पष्ट दिसते ती पुढच्या दातेरी चाकाला वळसा घालताना. मी धरलेल्या फोटोत व्ही दिसला, म्हणून टी४८.

रंगाचंही सांगतो, कारण तिथे सगळे गंजाच्या मागे लागतात. रबराला गंज चढत नाही. ते काळपट राखाडी, कडांना टवके उडालेलं असतं. लोखंड असतं ते लिंकांना दोन टोकांशी जोडणाऱ्या तुकड्यांत. त्यांच्यासाठी मी वेंगुर्ला बंदरावर जाऊन होड्यांच्या साखळ्या बघितल्या. जी साखळी महिनोन् महिने नुसती पडलेली, ती नारिंगी, हाताला पापुद्रे लागतात. जी रोज ओढली जाते, तिची घासणारी कड स्टीलच्या चमच्यासारखी चकचकीत आणि खोबणीत गडद तपकिरी. चालत्या रणगाड्याचं लोखंड या दुसऱ्या साखळीसारखं. मी तपकिरी रंग देऊन तो पुसून काढला आणि कडांवर मऊ पेन्सिलचं शिसं बोटाने घासलं.

दुसऱ्या सेटमधल्या १५४ लिंक शिल्लक आहेत. त्या मुलाचा शर्मन आखूड असेल तर त्याला १५८ लागतील, म्हणजे चारच कमी. किट घेऊन रविवारी ये म्हटलंय, जोडण्याआधी मोजू.